तानीचे धवळे आणि भगीरथचा लॅपटॉप

भगीरथ शहापुरात झेरॉक्सच्या दुकानात कामाला होता. मशीनमध्ये कागद उलटा ठेवला तर कोरा निघतो, एवढी विद्या त्याने चार वर्षांत मिळवली आणि तेवढ्यावर डोळखांबच्या पुढच्या आमच्या पाड्याने त्याला इंजिनिअर करून टाकलं. पदव्या वाटण्यात आमचा हात सैल आहे. रेडिओचे सेल बदलणाऱ्यालाही आम्ही मेकॅनिक म्हणतो.

२००९ साली त्याने कल्याणहून एक वापरलेला छोटा लॅपटॉप आणला. शाळेच्या पाटीएवढा. नांगर धरलेली बोटं त्या बटणांवर मावत नसत, एक दाबलं की शेजारचंही दबायचं. ओट्यावर तो उघडून बसला की आम्ही मागे उभे राहायचो. तो एक फोटो उघडायचा, मिटायचा, आणि फार काम झाल्यासारखा मान मोडायचा.

याच लॅपटॉपात त्याने तानीला ठेवलं. तानी आमची धवलारीण, म्हणजे लग्नात गाऊन देवांना मांडवात बोलावणारी बाई. गावदेवी, वाघोबा, हिरवा, ज्याचा त्याचा मान ठेवून एकेकाला बोलवायचं. त्या गाण्यांना धवळे म्हणतात, आणि धवळे झाल्याशिवाय आमच्यात नवरीला हळद लागत नाही. तानी थकली होती, गाताना खोकला यायचा. तिच्याकडून शिकायला पाड्यातली एकही सून तयार नव्हती, कारण सगळ्यांना सिरीयल होत्या.

भगीरथच्या पुतणीचं, दिपालीचं, लग्न ठरलं तेव्हा हा तानीला म्हणाला, "आजे, तू फक्त एकदा गा. मंग मशीन गाईल."

तानी त्याच्या मोबाइलसमोर बसून कित्येक दुपारी गायली. मोबाइलचं कार्ड लहान, म्हणून त्याने गाणी लॅपटॉपात घेतली आणि कार्ड रिकामं केलं. मग कानाला वायर लावून तो तेच तेच धवळे ऐकत बसायचा आणि त्यातला खोकला कापून टाकायचा. शेवटी त्याने तानीला साडी नेसवून निवृत्त केलं. पाड्याने टाळ्या वाजवल्या.

लग्न आठवड्यावर आलं आणि लॅपटॉप रेंगाळायला लागला. भातसानगरच्या कॉलनीत त्याचा मित्र होता, जगन. तो म्हणाला, "व्हायरस आहे. लिनक्स टाक, लॅपटॉप चालवायची दुसरी सिस्टीम. फुकट मिळतं." यातला 'फुकट' हा शब्द भगीरथला नीट कळला. जगनने सीडी दिली. भगीरथने लॅपटॉप चारी बाजूंनी फिरवून पाहिला, सीडी घालायला त्यात फटच नव्हती. मग सायबर कॅफेत जाऊन तेच पेनड्राइव्हवर घेतलं आणि पेनड्राइव्ह खोचून तो आमच्यासमोर ओट्यावर बसला.

लॅपटॉपने विचारलं, जुन्याच्या शेजारी नवं बसवू, की सगळं पुसून बसवू? भगीरथने जगनला फोन लावला. जगन म्हणाला, "जुनं राहू दे. शेजारी बसव."

फोन ठेवून भगीरथ आमच्याकडे वळला. "कॉलनीतली मानसं. राब भाजल्याबिगर कदी रोप आलंय का?"

आम्ही माना डोलावल्या. भात पेरायच्या आधी रोपाच्या तुकड्यावर शेण आणि पाला पसरून आम्ही जाळतो, तोच राब. तण जळतं, किडा जळतो, आणि मग राखेतून रोप वर येतं. बापजाद्यांचं शास्त्र आहे.

"आन् गाणी?" कोणीतरी विचारलं.

"तन जळतं. जमीन जळते का?" असं म्हणून त्याने 'सगळं पुसा'वर बोट ठेवलं.

तासाभराने लिनक्सचा मातीच्या रंगाचा पडदा आला. रंग बघून तर त्याची खात्रीच पटली. लॅपटॉप सशासारखा पळायला लागला. पळणारच, अंगावर काही उरलंच नव्हतं.

हळदीच्या दिवशी मांडवात स्पीकर लागले. दिपाली पाटावर बसली. भगीरथने लॅपटॉप उघडला, इकडे दाबलं, तिकडे दाबलं, मग जगनला फोन लावला. तिकडून काय उत्तर आलं ते त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

"भावजी, माज्या पोरीला हळद लागंल का नाय?" दिपालीची आई गिरजा शांतपणे म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

भगीरथ तानीच्या घराकडे धावला. तिला त्याने जवळजवळ उचलूनच आणलं. तानी पाटाजवळ बसली, गावदेवीला बोलावलं, वाघोबाला बोलावलं, आणि थांबली. ओठ हलत होते, पुढचं येत नव्हतं.

"आजे, आठव ना," भगीरथ म्हणाला.

"तुला देऊन टाकलं ना रे," तानी म्हणाली. "दिलेलं कोन ध्यानात ठेवतं?"

दिपाली रडायला लागली. आणि तेव्हा स्पीकरच्या मागून एक घोगरा, बेसूर पुरुषी आवाज आला. तानी अडली होती तिथूनची पुढची ओळ. भगीरथने खाली मान घातली होती आणि तो गात होता. खोकला कापता कापता धवळे त्याला पाठ झाले होते, हे त्यालाही त्याच क्षणी कळलं असावं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या, मग एकेक करून त्याच्यामागे म्हणू लागल्या. दिपालीला हळद लागली.

पुढच्या वर्षी तानी गेली. तेव्हापासून आमच्या पाड्यावर धवलारीण म्हणजे मिशीवाला भगीरथ. बायकांच्या घोळक्यात तो मांडी घालून बसतो आणि डोळे मिटून गातो. आवाज भयंकर आहे. देव येतात असं बायका म्हणतात, माझ्या मते त्याने थांबावं म्हणून येतात. पण शिकायला अजून कोणी बसलेलं नाही. हा गेला तर आपल्या पोरींना हळद कशी लागणार, हे एकदा मनात आलं की माझं हसू विरतं. मी उठून त्याच्या घशासाठी गरम पाणी घेऊन जातो.