कुलूप असताना पेटलेला बल्ब

निकिताच्या टेबलावर एक लोखंडी पेटी होती आणि पेटीला मोटारीच्या जागी बल्ब जोडलेला होता. पोरगी दिवसभर बल्ब लावते, विझवते आणि पुण्याची कंपनी तिला त्याचा पगार देते, एवढंच रिठद गावाला माहीत होतं. शेजारच्या वावरातला जगदेव तर तोंडावर म्हणायचा, "वं निकिता, आमच्या घरचे बी दोनचार तपासून दे ना!"

बल्ब तपासायचं तिचं काम नव्हतं. ती पेटी शेतातल्या मोटारीची. मोबाइलवर बटन दाबलं की गावात बसून विहिरीवरची मोटार सुरू होते, बंद होते. आणि आपल्याकडे शेतीची लाइन कधी दुपारी, कधी अर्ध्या रात्री येते, म्हणून सगळेच जण पेटी ऑटोवर टाकून ठेवतात. लाइन आली की मोटार आपोआप सुरू. कुणी उठायला नको, कुणी जायला नको.

पण मोटारीला हात लावायचा तर ऑटो आवरायला हवं. त्यासाठी कंपनीनं मोबाइलमध्ये कुलूप दिलं होतं. कुलूप लावलं की लाइन येवो नाहीतर जावो, मोटार हलणार नाही. ती खरंच हलत नाही ना, हे पाहणं निकिताचं काम. तिनं लिहिलेला प्रोग्राम स्वतःच कुलूप लावायचा, स्वतःच चालूचा हुकूम द्यायचा आणि पाहायचा. बल्ब विझलेला राहिला तर निकाल हिरवा. पेटला तर लाल.

लाल कधीतरी यायचा. कधी, ते सांगता यायचं नाही. तिचा वरिष्ठ धम्मरत्न हा मूळचा शेलूबाजारचा, आता पुण्यात. तो म्हणायचा, "नेटवर्क असन वं. पुन्यांदा चालव." पुन्यांदा चालवलं की हिरवा. शेवटी तिनं प्रोग्राममध्येच तशी सोय केली. लाल आला तर त्यानं आपल्या मनानं पुन्हा चालायचं आणि शेवटचा निकाल तेवढा दाखवायचा. त्या दिवशी तिला स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं होतं. मग कुलूप शेतकऱ्यांच्या मोबाइलवर गेलं आणि रिठदमध्ये पहिली पेटी जानरावांच्या विहिरीवर लागली. जानराव म्हणजे तिचे बाबा.

हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस होते. सकाळी जानराव पक्कड आणि चिकटपट्टी पिशवीत टाकून निघाले. विहिरीतल्या केबलचा जोड पाण्यानं सडला होता.

"किटकॅट काढून घ्या बरं," निकिताची आई पंचफुलाबाई चुलीपासून ओरडल्या. किटकॅट म्हणजे पेटीतले चिनी मातीचे फ्यूज. ते उपसले की पुढं करंट जातच नाही. विहिरीत उतरण्याआधी ते उपसून खिशात घालायचे, ही जुनी रीत.

"कायले ते झंझट?" जानराव मोबाइल दाखवत म्हणाले. "काल लाइन असतानीच कुलूप मारलं ना मी. माह्या पोरीनं तपासेल हाय थे."

निकिता लॅपटॉपमागून हसली. तिला बरं वाटलं होतं ते ऐकून.

दुपार व्हायला आली. प्रोग्राम चालू होता, बल्ब विझलेला होता. स्वयंपाकघरात मिक्सर घरघरत होता. तो मधेच थांबला. निकिताचं लक्ष गेलं नाही, कारण तिच्या डोक्यावरचा पंखा इन्व्हर्टरवर फिरत होता आणि लॅपटॉप बॅटरीवर. मग एकदम मिक्सर किंचाळला आणि त्याच्या वर पंचफुलाबाई किंचाळल्या.

"अवं माय वं! हात गेला असता ना माहा!"

निकिता धावायला उठली आणि उठता उठता थबकली. टेबलावरचा बल्ब पेटला होता. कुलूप असताना.

दारात आई उभी होती, पदरापासून कपाळापर्यंत चटणीचे शिंतोडे. "आज सकाळपासून ह्या लाइटीचं असंच चालू हाय. जाते अन् येते. तुले काय, तुहा पंखा तं फिरूनच राह्यला. मी झाकण काढलं तं आलं थे परत. बटन बंद कराचं राह्यलं होतं माह्याकून."

निकितानं आईचं पुढचं ऐकलंच नाही. तिनं मोबाइलवर कुलूप लावलं. पेटीची पिन घरच्या साध्या लाइनीवर होती, इन्व्हर्टरवर नाही; ती काढली. पिन पुन्हा लावली.

बल्ब पेटला.

पुन्हा कुलूप, पुन्हा पिन. पुन्हा पेटला. आता तो न चुकता पेटत होता. करंट गेला की पेटी कुलूप विसरत होती. करंट आला की तिला ऑटो तेवढं आठवत होतं. पुण्याच्या ऑफिसात लाइट जात नाही, म्हणून तिथं कधी लाल आलाच नव्हता. आणि जिथं येत होता तिथं ती स्वतः बसली होती, पुन्यांदा चालवत.

"आई, शेतीची लाइन कधीची हाय ह्या आठवड्यात?"

"दुपारची. येतच असन आता. काहून वं? अशी पांढरी काहून पडली तू?"

तिनं बाबांना फोन लावला. वाजत राहिला. जानरावांचा सदरा नेहमीसारखा विहिरीवरच्या निंबाला लटकलेला असणार आणि फोन सदऱ्यात. तिनं मोबाइलवरून मोटार बंदचा हुकूम दिला. उत्तर आलं, पेटीशी संपर्क नाही. कसा असेल? पेटीलाच लाइन नव्हती. ती जागी होणार ती लाइन घेऊनच, आणि जागी होताच मोटार लावणार. केबलच्या वायरी तेव्हा बाबांच्या हातात उघड्या असतील आणि पाय पाण्यात.

तिनं जगदेवला लावला.

"बोल वं बल्बवाली."

"काका, वावरात हा का तुमी?"

"मंग कुठं असन? तुह्यासारखं पंख्याखाली..."

"काका, पळा! आमच्या विहिरीवर पळा. पेटी उघडा अन् किटकॅट काढा. तिन्ही. बाबा अंदर हायेत, लाइन येऊन राह्यली!"

"अवं पण जानरावभाऊ तं कुलूप..."

"कुलूप खोटं हाय काका! पळा!"

जगदेव धावत सुटला. चिखलात पडणाऱ्या पायांचा आवाज आला, धाप आली, मग फोन कशावर तरी आपटून बंद पडला.

निकितानं स्कूटी काढली. चावी भोकात जाईना. आई मागं कधी बसली ते तिला कळलं नाही, फक्त खांद्यावर चटणीचा ओला हात जाणवला. पांदणीतून, शेताकडच्या वाटेनं जाताना तिचे डोळे रस्त्यावर नव्हतेच. ते दूरच्या वावरात एका पाइपावर होते. त्याच्या तोंडातून पाणी पडताना दिसलं, तर... पुढचं ती मनातही म्हणत नव्हती. कुणाच्या तरी मोटारीचा आवाज आला. मग आणखी एकीचा. लाइन आली होती.

विहिरीवर जगदेव पेटीला पाठ लावून बसला होता. दोन्ही हात मांडीवर, हातांत तिन्ही किटकॅट. पेटीवरचा लाइनचा लाल दिवा जळत होता. 

"बाबा!" निकिता विहिरीत ओरडली.

खालून वैतागलेला आवाज आला. "काय हाय वं? मघापासून वरतं कोण धडपडून राह्यलं? माती पडली ना डोळ्यात."

पंचफुलाबाईंनी विहिरीत डोकावून पाहिलं. जगदेव एवढंच म्हणाला, "मी काढले अन् लाइन आली, वैनी. काढले अन् आली."

जानराव वर आले, सगळं ऐकलं. सदरा अंगात घातला, पण गुंड्या त्यांना लावता येईनात. पंचफुलाबाईंनी लावून दिल्या.

घरी येऊन निकितानं धम्मरत्नला व्हिडिओ कॉल केला.

"पुन्यांदा चालवलं का?" तो हसत म्हणाला.

"पहा फक्त." तिनं कॅमेरा बल्बकडे वळवला. कुलूप लावलं, पिन काढली, पिन लावली. मग पुन्हा. "आपण तपासताना लाइट कधी घालवलीच नाही, सर. लाल आला त्या वक्ती आजूबाजूला काय होऊन राह्यलं होतं, थे पाहाचं सोडून आपण पुन्यांदा चालवत बसलो. मी तं लाल दिसूच नये, असं करून ठेवलं. आज माहे बाबा विहिरीत होते."

धम्मरत्न खुर्चीवरून ताडकन उठला. 

"माह्या बुढ्यानं, माह्या बापानं बी लावली ना पेटी," तो म्हणाला. "शेलूबाजारले. थांब." आणि कॉल कट झाला.

निकिता फोन हातात धरून बसली. प्रोग्राममधली ती पुन्हा चालवायची सोय तिनं आधी उडवली. मग कुलूप लावल्यानंतर करंट घालवायची आणि परत आणायची पायरी घातली. यापुढं ही तपासणी दरवेळी लालच येणार होती, पेटी सुधारेपर्यंत. दोनदा चुकीचं टाइप झालं. बाहेर आई जगदेवला चहा देत होती आणि तो पहिल्यापासून तेच पुन्हा सांगत होता.

फोन थरथरला. धम्मरत्नचा मेसेज. "उचलला बुढ्यानं. घरीच हाय."

मागोमाग दुसरा. "आता बाकीच्यांले. सगळ्या पेटीवाल्यांले मेसेज जाईन, साहेबांले मी सांगतो. तू लिही. आपल्या लोकांले समजन असं लिही."

तिनं लिहिलं: मोबाइलच्या कुलपावर भरवसा ठेवू नका, ते चुकीचं हाय. किटकॅट काढून खिशात घाला, मंगच विहिरीत उतरा.

पाठवायच्या आधी तिनं खिडकीतून पाहिलं. दूर, शिवारभर मोटारी चालू होत्या.