चौफुलीतली झिनिया

मागच्या उन्हाळ्यात आमच्या ह्यांना लकवा मारला आणि डावं अंग लुळं पडलं. यवतमाळच्या डॉक्टरांनी सोडताना सांगितलं, पायात ताकद आहे, पण यांनी मनावर घेतलं पाहिजे. असेच पडून राहिले तर कायमचे पडून राहतील. ते बोलणं माझ्या डोक्यातून जाईना. जन्मभर कपाशीत राबलेला माणूस ओट्यावरच्या बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडायचा. शेत बटईनं दिलं. लेकानं आणलेला वॉकर बाजेजवळच्या कोपऱ्यात उभा होता आणि मी त्याच्यावर ओले टॉवेल वाळत घालत होते.

हाताच्या व्यायामासाठी रबरी चेंडू दिला, तर म्हणाले, "मी काय लेकरू हाय काय?" चेंडू बाजेखाली गेला तो तिथंच राहिला.

मी अंगणवाडीत सेविका होते तेव्हा कुंपणाला लागून झिनिया लावायची. फुलपाखरं यायची आणि पोरं घटकाभर गप्प बसायची, एवढाच माझा स्वार्थ. तिथली वाळलेली फुलं एका पिशवीत ठेवली होती. ती मी यांच्या मांडीवर ओतली आणि म्हटलं, चोळून बी काढा. बियाण्याला मात्र हा माणूस नाही म्हणू शकला नाही. डाव्या हातात फूल धरायचं, उजव्यानं चोळायचं. फूल निसटायचं. मी मुद्दाम उचलून द्यायची नाही, मग तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत दुसरं घ्यायचे.

दोन-तीन पाऊस चांगले झाल्यावर मी अंगणात बी विस्कटायला गेले, तर बाजेवरून आवाज आला, "अवं, असं फेकते काय बी? दोरी आन."

दोरी म्हणजे कपाशी टोबायची. तिला सारख्या अंतरावर खुणा असतात. खुणेवर बी टाकायचं, म्हणजे झाडं उभी-आडवी एका रेषेत येतात आणि बैलांचा डवरा दोन्हीकडून फिरवून तण काढता येतं. आमच्याकडे याला चौफुली म्हणतात. ते कपाशीला ठीक. फुलांना काय करायचंय?

"इथं काय बैल जुपाचे हायेत तुमाले?" मी म्हटलं.

"तन निंघन तवा डवरा कोठून फिरवशीन?"

माझं डोकं तापलं होतं, पण दोन-तीन महिन्यांनंतर हा माणूस माझ्याशी भांडत होता. मी दोरी आणली. तीन-तीन फुटांवर बी टोबलं, एका जागी दोन-दोन, बरोबर कपाशीसारखं. गल्लीतून जाणाऱ्या बाया हसून गेल्या.

झिनिया फुलली. लाल, गुलाबी, शेंदरी. फुलपाखरं आली. हे बघायला तयार नाहीत. "फुलाले काय पाहाचं? बोंडं लागतेत काय याले?" म्हणून पुन्हा भिंतीकडे वळले. मधल्या मोकळ्या जागेत तरोटा, म्हणजे टाकळ्याचं तण, माजला. कोवळा होता तेव्हा मी त्याची भाजी केली, पुढे निंदायचा कंटाळा केला. आता हे काही उठत नाहीत असं मला वाटायला लागलं होतं.

एका सकाळी मी भाकरी थापत होते. ओट्यावरून हाक आली, "अवं, तरोट्याच्या पानाले भोकं पडले. अळी हाये. पंप आन." मी ओ दिली नाही. तव्यावर भाकरी होती आणि फवारणीचा पंप मला आणायचा नव्हता. पिवळ्या फुलपाखरांनी तिथंच अंडी घातली होती, ते मी पाहिलं होतं.

थोड्या वेळानं बाहेर आले तर बाज रिकामी. टॉवेल जमिनीवर. आणि हे वॉकर धरून अंगणात, झिनियाच्या दोन ओळींच्या मधे उभे. ज्या अंतरावरून मी इतकी बडबड केली होती, त्यातून वॉकर एकही झाड न मोडता आत गेला होता. मला रडू आलं आणि रागही आला, पडले असते तर म्हणून.

तरोट्याचं पान यांनी डाव्या हातात धरलं होतं. अळी चिरडायला बोटं जवळ आणत होते. बोटं जुळत नव्हती. हे बोटांकडे बघत राहिले.

"राहू द्या," मी म्हटलं. "फुलपाखराचं लेकरू हाये थे."

"मले सांगते काय अळी कोनाची थे," म्हणाले, पण पान सोडलं.

दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत टॉवेल खाली पडलेले होते. अळी किती वाढली ते हे बघून आले होते. तिसऱ्या दिवशीही गेले. कोष झाला तेव्हा मला हाक मारून नेलं आणि बोट लावायचं नाही म्हणून दटावलं.

यंदा त्यांना साधी काठी पुरते. वॉकर लेकाला परत नेऊ दिला आहे. तरीही टोबायच्या दिवशी दोरी मीच काढली, अंतर तेवढंच ठेवलं, आणि तरोटा निंदला नाही.