ख्रिस्ताचे मर्द आणि माझ्या बांगड्या

"मावशी, तुमच्या दोन बांगड्या काढून द्या."

भर चर्चमध्ये, उपासना संपल्यावर, चर्च कमिटीच्या अध्यक्षांनी मागितल्या. माझ्या पोराच्या हातात घालायच्या होत्या. पोरगा म्हणजे चांगला लग्नाच्या वयाचा माणूस. समोर उभा, मान खाली.

झालं काय होतं, सांगते. आमच्या पांढुर्ण्याच्या चर्चची कबड्डीची टीम. नाताळाआधी सामने असतात. "ख्रिस्ताले मर्द पाहिजेत, मेंगळट नाही," हे अध्यक्षांचं नेहमीचं. जर्सीवर क्रूस. त्या जर्स्या मीच धुवायची, सेवा म्हणून. शेवटच्या सामन्यात सावरगावचा गडी चढाईवर आला. माझ्या पोरानं त्याचा घोटा धरला. त्याचा गुडघा फिरला. तो ओरडला, "माय वं!" अन् यानं धरलेला पाय सोडला. तो सरपटत मधल्या रेषेला टेकला. सामना गेला.

"हातात आलेला पाय सोडतो? घाल बांगड्या!" अध्यक्ष उपासनेनंतर सगळ्यांसमोर म्हणाले.

पुरुषांची बाजू हसली. मागून कोणीतरी, "लुगडंबी आना रे!" बायाही पदराआड हसल्या. पाळकसाहेब बायबल मिटून बसले होते.

मी अध्यक्षांच्याच बागेत संत्री निवडायला जायची. त्यांनी मागितलं की हात आपोआप पुढं. तसाच गेला. राग नाही, रडू नाही. काहीच नाही. बांगडी अंगठ्याच्या हाडापर्यंत आली, अडली. तेव्हा पाहिलं. पोरानं हात पुढं केला होता. घालून घ्यायला.

बांगडी मी परत मागं ढकलली.

"नाही देत."

"काहून?"

"येशूले धरून नेलं तवा तुमच्यासारखे मर्दच पळाले, साहेब. क्रुसापाशी बाया उभ्या होत्या. बांगड्या काय कोनालेबी भेटतात?"

 पोराचा पुढं केलेला हात धरून मी त्याला घरी आणलं.

सोमवारी निरोप आला, बागेत येऊ नको. पोरगा चर्चला येत नाही. घरातही बोलत नाही. मी चर्चला ओढत नाही त्याला.

मी जाते. कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या भरून. बायांच्या चटईवर नाही बसत. पुरुषांच्या बाजूला, पहिल्या बाकावर, अध्यक्षांच्या शेजारी. उठ म्हणाले. नाही उठली. जिथं पोराला उभं केलं, तिथंच उभं राहून त्याची माफी मागत नाहीत तोवर ती जागा माझी.

अन् मागितली, तरी त्या जर्स्या मी धुणार नाही.