निळ्या फळीचा कोपरा

नवऱ्याला नाही, आईला नाही, देवापुढेसुद्धा नाही — हे मी कुणाजवळच बोललेले नाही. तुला सांगते. मध्येच थांबले तर रागावू नकोस.

दोन हजार सहा-सात साल असेल. आम्ही इंग्लंडात, रीडिंग गावात नवे; मी नवऱ्याच्या मागोमाग डिपेंडंट व्हिसावर आलेली, दिवसभर घरात. आठवड्यातून एकदा कौन्सिलच्या सेंटरमध्ये जपानी पद्धतीच्या लाकडी ठशांचा, म्हणजे फळीवर चित्र कोरून कागदावर छापायचा क्लास — तेवढीच माझी हक्काची जागा. शिकवायचे पीटर. मनातल्या मनात मी काका म्हणायची.

काकांनी जवळच्या मेडनहेड गावचा पूल कोरला होता. अगदी पुढे विलोच्या झाडाचा जाडजूड बुंधा, कागदाच्या कडेने अर्धा कापलेला. त्यामागे बोटाएवढा पूल. जवळचं मोठं केलं की लांबचं आपोआप लांब जातं, म्हणायचे. आकाश वर गडद निळं, खाली विरत जाणारं — ते फळीवरच ओल्या ब्रशने साधायचं. प्रत्येक रंगाची फळी वेगळी. सगळं कोरायला वर्ष गेलं होतं.

फळ्या पुसायचं काम माझ्याकडे. निळ्या फळीच्या कोपऱ्यात एक खाच होती, तिची कड जरा खडबडीत दिसली. माझा नसता नीटनेटकेपणा! पटाशीने सरळ केली. तांदळाच्या दाण्याएवढंच लाकूड गेलं.

बाई गं — कागद त्याच कडेला टेकवायचा असतो, तरच सगळे रंग जागच्या जागी बसतात! पहिल्याच दिवशी सांगितलं होतं त्यांनी. माझं लक्ष कुठे होतं?

पुढच्या आठवड्यात काका छापायला बसले. निळा रंग रेषेबाहेर, पुलावर चढलेला. दुसरा कागद — तेच. सहावा — तेच. तेव्हा मला खाच आठवली. आपली नजर अधू होत चालली आहे, ही धास्ती त्यांना आधीपासूनच होती. चष्मा काढून त्यांनी फळी माझ्यापुढे सरकवली. "तू बघ जरा. फळी ठीक आहे ना?"

मी पाहिलं. कोपराही पाहिला. क्लासमधून काढतील, सगळ्यांसमोर शोभा होईल — एवढ्याच भीतीने...

"फळी ठीक आहे," म्हणाले मी.

काकांनी मान हलवली, हात धुतले. नंतर त्यांनी एकही ठसा कोरला नाही. क्लास बंद झाला तेव्हा पटाशी मला दिली — तुझा हात चांगला आहे, म्हणाले. मी घेतली. घेतली!

त्यांचे डोळे ठीक होते. ते फक्त मला एकटीला माहीत होतं.