त्र्यंबकच्या वहीतला दिगू

कोणी भुताखेताचं सांगू लागलं की मी सरळ मोबाइल काढून बसतो. त्यामुळे हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय... पण खरी लाज वाटतेय ती दुसऱ्याच गोष्टीची.

आम्ही कतारला, दोह्यातल्या अल मुंतझा भागात राहायचो. फुटबॉलच्या वर्ल्ड कपला वर्ष राहिलं होतं, मी एका स्टेडियमच्या कूलिंगच्या कामावर होतो. ऑफिसातला यान मूळचा चेक, बोहेमियाचा. लंचमध्ये तो तिकडच्या खेड्यांतल्या चर्चच्या जुन्या वह्या स्क्रीनवर उघडून लग्न-बाप्तिस्म्याच्या नोंदींतून आपले पूर्वज शोधायचा. आठ पिढ्या सापडल्या त्याला. मलाही चेव आला.

आमचं गाव सिन्नरकडचं. आमच्याकडे त्र्यंबकेश्वरला गेलेला माणूस उपाध्यांच्या वहीत स्वतःच्या हातानं घरच्यांची नावं लिहून येतो. मी आमच्या तिथल्या उपाध्ये गुरुजींना फोन करून आजोबांच्या पानाचा फोटो मागितला. ते म्हणाले, "आत्ताच्या पिढीची नावं पाठवा, टिपून ठेवतो. आलात की वहीत लिहा."

मी माझं, बायकोचं, मुलीचं नाव पाठवलं. दिगूचं नाही.

दिगंबर माझा सख्खा चुलतभाऊ. स्कॅफोल्डिंगवर, म्हणजे परांची बांधायच्या कामावर होता, इंडस्ट्रियल एरियात कामगारांच्या कॅम्पवर राहायचा. त्याच वर्षी गणपतीत तो कंपनीच्या कव्हरऑलमध्येच पेढे घेऊन दारात आला. घरात आमचे मॅनेजर बसले होते, मराठीच. "कोण हो?" त्यांनी विचारलं.

"गावाकडचा ओळखीचा आहे," मी म्हणालो.

दिगूनं ऐकलं. "येतो साहेब," म्हणाला, पेढे ठेवून गेला. जन्मभर मला दादा म्हणणारा माणूस.

तर, फोटो आला. अक्षर आजोबांचंच, घरी त्यांची पत्रं आहेत. खाली दोन मुलं – माझे वडील आणि काका. त्याखाली त्याच शाईत, त्याच हातानं – "नातू दिगंबर, मुक्काम कतार." बस. माझं नाव नाही. आजोबा तर आम्ही दोघं जन्मायच्या आधीच गेले...

परत फोन केला तर गुरुजी म्हणाले, "पान होतं तसं पाठवलंय. मी कशाला काही लिहू?"

"मग माझं नाव तेवढं घाला."

"फोनवर नाही होत ते. घरचं माणूस यायला हवं."

शुक्रवारी दिगूच्या कॅम्पवर गेलो. फोटो दाखवला, माफी मागितली. माफी मागताना त्याच्याकडे बघवत नव्हतं. तो फोटोच न्याहाळत होता.

"मी तर त्र्यंबकला कधी गेलोच नाही, दादा," म्हणाला. "आता सुट्टीत जाईन. तुझं नाव लिहून येतो."

ती ओळ तिथे कशी आली, हे मला आजही कळलेलं नाही. मला का वगळलं, हे मात्र कोणाला विचारावं लागत नाही.

महिन्याभरानं दिगूनं नव्या पानाचा फोटो पाठवला. त्याचं वेडंवाकडं अक्षर. माझ्या नावाआधी त्यानं लिहिलंय – "थोरले बंधू."