टॉवेलानं मोजलेलं वारं

बस गं, अशी जवळ बस. तू पुण्यात आणि मी सोलापुरात, तर कागदावर तरी जवळ बस. आणि आधी बोलणी खा, कारण हे सगळं तू सुरू केलंस.

एक व्हिडिओ पाठवलास आज्जाला, गंमत म्हणून. कुठल्यातरी परदेशातल्या गच्चीवर एक छोटी पवनचक्की गरागरा फिरतेय आणि खाली त्यांच्या घरात दिवा लागलाय. तू पाठवलास आणि विसरलीस. तुझं बोट पुढच्या व्हिडिओवर गेलं, तुझे आज्जा मात्र त्याच व्हिडिओवर राहिले. जेवताना बघितला, झोपताना बघितला, आणि सकाळी मला म्हणाले, "मागाचे पैसे हितं लावू."

तुला ठाऊक आहे, पण हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांना सांगायला हवं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं आपलं, पत्र्याच्या शेडात मोजके माग. वय झालं, पुढं चालवणारं कुणी नाही, म्हणून एकेक करून विकले. शेवटचा माग टेम्पोत चढवला तेव्हा हे त्या टेम्पोमागं वळणापर्यंत चालत गेले. लेकीला वाटेला लावल्यासारखे. तेव्हापासून घरात टीव्ही मोठ्यानं लावून बसायचे. बघायचे नाहीत हं, नुसता लावायचे. जन्म मागाच्या खटखटीत गेलेला माणूस, त्याला शांत घर खायला उठतं.

आणि त्या पैशावर माझा डोळा वेगळाच होता. मला गच्चीवर एक खोली बांधायची होती. का, ते तुला चांगलं ठाऊक आहे. त्याच वर्षी मे महिन्यात आलीस, दोन रात्री खालच्या खोलीत पंख्याखाली तळमळलीस, आणि तिसऱ्या दिवशी "आज्जी, ऑफिसचं काम निघालं" म्हणून बस धरलीस. काम नव्हतं, उकाडा होता. मला कळत नाही होय? तर गच्ची एक, पैसा एक. आज्जाला तिथं खांब रोवायचा, मला भिंती उभ्या करायच्या.

"आनि खांब रोवल्यावर मी पापड कुटं वाळवायचे?" मी विचारलं.

"खांबाजवळ वाळव की."

"खांबाच्या सावलीत पापड वाळतात व्हय?"

"एवढ्याशा खांबाची सावली ती केवढी! पापड सरकवायचा."

भांडण फार झालं की आमच्या घरात कानडी सुरू होतं. "साकु, साकु," म्हणाले, म्हणजे पुरे पुरे, आणि पायात चपला घालून थेट नव्या पेठेत गेले. तिथं एका दुकानात सोलरचे बंब मिळतात, आता पवनचक्कीही मिळते. त्या दुकानदाराला घेऊनच आले.

मी मनात ठरवलं होतं, चहा द्यायचा आणि वाटेला लावायचं. पण माणूस सरळ निघाला बघ. गच्चीवर जाऊन चारी बाजूंनी बघून आला आणि म्हणाला, "आज्जी, मी पवनचक्की विकतो, पण वारं विकत न्हाय. आदी वर्षभर वारं मोजा, मग ठरवा. त्याचं मीटर मिळतंय."

"मीटरचे पैसे वेगळे?" मी विचारलं.

"ते वेगळे."

तुझ्या आज्जांनी मला बोलूच दिलं नाही. "मीटर कशाला? जन्मभर टॉवेल विणले मी. टॉवेल सांगंल की वारं किती हाय ते!"

दुकानदार हसला, चहा पिऊन गेला. त्याला वाटलं असेल म्हातारा गंमत करतोय. पण दुसऱ्या दिवशी गच्चीवर काठी उभी राहिली आणि तिच्यावर आपल्याच कारखान्यातला पांढरा टॉवेल. मापही ह्यांनीच ठरवलं. टॉवेल सरळ खाली लोंबला तर वारं शून्य. टोक हाललं तर चार आणे. अर्धा उचलला तर आठ आणे. आणि काठीला आडवा होऊन फडफडला तर रुपया. सकाळ-संध्याकाळ वर जाऊन बघायचे आणि खाली येऊन मला बातम्या दिल्यासारखं सांगायचे, "आज सकाळचं वारं चार आणे." मी भाकरी थापत म्हणायची, "बरं, बाजारात चालवून बघा."

दिवाळीनंतर थंडी पडली तसं वारं शून्यावर आलं. रोज शून्य, रोज शून्य. ह्यांचं तोंड बघवेना. आणि मी, खोटं कशाला बोलू, मनातल्या मनात खोलीला कुठला रंग द्यायचा ते ठरवत होते.

मग पौषात एकाएकी वारं आठ आण्यांवर आलं! रोज आठ आणे. मी खिडकीतून बघते तर समोरच्या कडुलिंबाचं पान हालत नाही. माझे गुडघे कसे आहेत ते तुला माहीत आहे, तरी दुपारी हे झोपल्यावर भिंत धरत धरत वर गेले. बघते तर काठीवर टॉवेल नाहीच! जुना, धुऊन धुऊन जाळी झालेला पंचा लावलेला. त्याच्यावर कुणी खोकलं तरी तो उडेल.

पंचा काढला, खाली आले, कपाटातली सोलापुरी चादर घेतली. ती जड, मोराच्या नक्षीची. घेऊन परत वर. काठीवर चढवली आणि गुपचूप खाली येऊन पापड लाटायला बसले.

संध्याकाळी हे वर गेले. नेहमीपेक्षा बराच वेळ वर होते. खाली आले, हात धुतले, पाटावर बसले. मी चहा दिला. टीव्ही काही लावला नाही.

मग चहात बघत बघत म्हणाले, "चादर वाळली का गं?"

"वाळंल की. तुमचा पंचा वाळला का?"

एवढं बोलणं झालं आणि हा माणूस हसायला लागला. असा हसला की चहा शर्टावर. माग गेल्यापासून ह्या घरात ते हसू मी ऐकलं नव्हतं. मलाही हसू आवरेना. त्या दिवशी मला कळलं की ह्यांना वीज नको आहे गं. ह्यांना रोज उठून ज्याच्यापाशी जावं असं काहीतरी पाहिजे.

दुसऱ्या दिवशी खरा टॉवेल परत चढला. पुढं कुणी लबाडी केली नाही. निदान मी केली नाही.

आषाढात मात्र हार माझी झाली, ते कबूल करते. असं वारं सुटलं की टॉवेल काठीला आडवा नुसता तडतडायचा. एकदा तर काठीवरून सुटून शेजारणीच्या गच्चीत गेला, तिच्या तुळशीच्या कुंडीवर. हे स्वतः आणायला गेले आणि शेजारणीला म्हणाले, "रुपया न्हाय, सव्वा रुपया वारं हाय आज!" ती बिचारी मला फोन करून विचारती, "भावजींना बरं हाय न्हवं?"

श्रावण गेला, भादवा आला, वारं उतरलं. दसऱ्याला टॉवेल परत लोंबायला लागला. वर्ष भरलं तसं ह्यांनी दुकानदाराला आपणहून बोलावलं. मी पुढं काही बोलायचं नाही असं ठरवून बसले होते. बोललेही नाही. विचारलं सगळं ह्यांनीच.

"चार म्हैने रुपया, बाकी सगळं चिल्लर. चालंल?"

"आज्जा, चिल्लरवर ती चक्की फिरणार न्हाय," दुकानदार म्हणाला.

"बरं. आनि बिघडली तर जॉबर कोन?" जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा माणूस. ह्यांच्या तोंडात तोच शब्द.

"माणूस पुण्यावरून येतो."

"पार्ट कुटं मिळतो?"

"तो बाहेरच्या राज्यातून मागवावा लागतो. आठ-पंधरा दिवस धरा."

तुझे आज्जा माझ्याकडं वळले. मग मला म्हणाले, दुकानदाराला नाही, "आपल्या मागाचा पार्ट गल्लीच्या तोंडाला मिळायचा. जेवून येस्तवर माग चालू." एवढंच म्हणाले. मी काय ते समजले.

मला आनंद व्हायला पाहिजे होता की नाही? झालाच नाही. एवढं जिंकून मी तिथं पापडासारखी वाळत बसले.

दुकानदाराला आमचे चेहरे बघून कणव आली असेल. म्हणाला, "आज्जा, गच्चीचा नाद सोडा. पवनचक्कीची वीज विकणाऱ्या कंपन्या हायत, त्यांचा शेअर घेता येतो. माझं त्यात काही न्हाय, बघा आपलं."

आता मी तोंड उघडलं. "वारं पडलं तर त्याचा भाव पडंल?"

"पडू शकतो."

"आनि वारं जोरात सुटलं तर?"

"तेव्हाबी पडू शकतो, आज्जी."

"मग वाऱ्याचा संबंध काय आला? नुसत्या नावाला?"

दुकानदार नुसता हसला. हे मात्र सरसावून बसले होते. मी म्हटलं, "लावा. पन माझं एकच म्हननं. जेवढे बुडाले तर तुमी रुसनार न्हाय तेवढेच लावायचे. आकडा तुमीच सांगा."

त्यांनी एक रात्र घेतली. सकाळी आकडा सांगितला. अगं, इतका लहान आकडा की तेवढ्यात लग्नातला आहेरसुद्धा होत नाही! जन्मभर कर्ज काढून माग घेणारा माणूस हा. मीच म्हटलं, "थोडे वाढवा हो. मीबी रुसनार न्हाय." तेव्हा माझ्याकडं असं बघितलं, जणू पहिल्यांदाच बघत आहेत. म्हणाले, "म्हंजे कुटंतरी माळावर एका पात्याचं टोक आपलं असंल. एवढंसं." आणि बोटाचं पेर दाखवलं.

राहिलेल्या पैशातून खोली निघाली. विटा वर गेल्या, गवंडी आला. गवंड्यानं सरळ रस्त्याच्या अंगाला खिडकी धरली. तुझे आज्जा तरातरा वर गेले. "तितं न्हाय! पश्चिमेला धर."

"आज्जा, रस्त्याकडनं उजेड चांगला येतोय."

"उजेड येतोय, वारं येत न्हाय. वर्षभर मोजलंय मी. ह्याच अंगानं येतं, संध्याकाळी दिवा लावायच्या टायमाला. आनि समोर दुसरी खिडकी ठेव, आलेलं वारं जायला."

गवंडी माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, "ते सांगतात तसं कर बाबा, त्यांचं शिक्षण झालंय त्याच्यात."

खोली झाली आहे. पांढरा चुना मारलाय, तुझ्या पसंतीचा रंग तू येऊन सांग. पश्चिमेच्या खिडकीबाहेर ती काठी अजून आहे, टॉवेलही आहे. मी काढा म्हटलं नाही, त्यांनी काढला नाही. अजून सकाळी बातम्या येतात. आज चार आणे.

शेअरचं मात्र तुझ्यावाचून अडलंय. मोबाईलवर तो ओटीपी का काय येतो, तो आज्जा तुझ्याशिवाय कुणाला सांगणार नाहीत. बँकेतल्या साहेबालाही नाही, मलाही नाही. तर हुरडा संपायच्या आत ये. दोन रात्रींसाठी नको, चार-आठ दिवस काढून ये. ऑफिसचं काम खिडकीपाशी बसून कर. आणि येईपर्यंत आज्जाला एकही व्हिडिओ पाठवू नकोस बाई, तुझ्या पाया पडते.