हाका मारायचं काम

"हाका मारायचं काम हिला द्या. हिच्या घरातच आहे ते."

सई असं बोलली आन स्क्रीनवरचे सारे हसले. बी.ए.चा आमचा ग्रूप, ऑनलाइन प्रकल्प. सई अमरावतीची, ग्रूप लीडर. मी दर्यापूरकडच्या खेड्यातली. ओळख करून देताना मीच तोऱ्यात सांगितलं होतं, माहे आजोबा, आबाजी, गावचे कोतवाल होते. कोतवाल म्हंजे दवंडी देनारा, घरोघरी सांगावा घेऊन जानारा. तेच तिनं उचललं.

मीबी हसली. त्याचा संताप येते आता.

तवापासून मीटिंग असली की मी एकेकाले फोन लावाचा. "ऊठ रे, लिंक टाकली." "ये वो, सर येऊन राहिले." कोनी म्हने जेवून राहिलो, कोनी फोनच कापे. जो हजर त्याले सहभागाचे मार्क, असा सरांचा नियम. सारे हजर राहत ते माह्या हाकेनं. कौतुक मात्र, "सई, ग्रूप छान सांभाळतेस."

जळाची मी. खोटं कायले बोलू? तिच्या मांगं पुस्तकाचं कपाट, डोक्यावर पंखा, नेट कधी जात नाही. मी गोठ्याच्या भिंतीले टेकून रेंज धरून बसाची. तिचं साफ मराठी कानावर आलं की मी माहा माइक बंद कराची. प्रकल्पासाठी सोयाबीन सोंगनाऱ्या, म्हंजे कापनाऱ्या, बायांच्या मुलाखती मी घेतल्या, लिहिल्या मी. वाचनार सई. "तुझं वऱ्हाडी सरांसमोर नको," म्हने.

सादरीकरनाच्या आदल्या दिवशी मायनं इचारलं, "काहून तोंड पाडून बसली वो?"

सांगितलं. भाकर थापता थापता मायचा हात थांबला. "तुहे आबाजी साऱ्या गावाले पंगतीचं सांगत फिरत. आन सोता? सारे उठले की मंग जेवत. तेबी बाहीर."

आबाजीचा हा भाग मले कोनी सांगितलाच नव्हता. मी जेवली नाही त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी मी कोनालेच फोन केला नाही.

मीटिंग उघडली. सर, सई आन मी. बस.

"बाकीचे कुठे आहेत?" सरांनी इचारलं.

"सर, हिनं कळवलंच नाही."

मी माइक चालू केला. "सर, हाका मारनं मी सोडलं. मुलाखती माह्या आहेत. वाचीन मीच. माह्या बोलीत."

सर म्हनाले, "वाच."

वाचलं. सारं वाचलं. निकाल लागला तवा गैरहजर होते त्यायचे सहभागाचे मार्क गेले, पन हजर राहूनबी, समन्वय नाही केला म्हनून, माहेबी कापले. सईले पुरे. ते पाहून पुन्हा जळली मी.

अजूनबी जळून राहिली. जळू द्या. पुढच्या सत्राले लीडर म्हनून मी माहं नाव देलं आहे. सई म्हने, "तुझ्या ग्रूपात येणार कोण?"

ज्याले मार्क पाहिजे त्यानं सोताहून यावं. मी माह्या टायमावर सुरू करीन.